जरा वाकून

तुळसकर चाळीतल्या माणसांना विचारलंत की तुमच्या बोळात गर्डर कुठाय, तर निम्मे जण तुमच्याच तोंडाकडे बघत राहतील. "कसला गर्डर?" म्हणतील, आणि बोलता बोलता त्याच गर्डरखालून मान तिरकी करून निघूनही जातील. तीसेक वर्षांपूर्वी बोळाच्या भिंतीला पोट आलं म्हणून रिपेअरवाल्यांनी तो लोखंडी गर्डर आडवा घातला, आणि घातला तो मेला बरोब्बर कपाळाच्या उंचीवर. पहिले सहा महिने चाळीतलं एक कपाळ धड राहिलं नाही. मग अंगवळणी पडलं. हातात कळशी असो, कडेवर पोर असो, त्या जागी आलं की माणूस आपोआप वाकायचा. नवी सून घरात आली की सासू तिला आधी देव दाखवायची आणि मग गर्डर.

या गर्डरला लागूनच लवू धुरीची खोली. लवू सत्तरीचा. वीस वर्षं कापडाच्या मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर काढली, मिल बंद पडली तशी रे रोडला लाकडाच्या वखारीत वॉचमन झाला, आणि आता काहीच नाही. बायको सुभद्रा, तिला जाऊन चार वर्षं झाली. मुलगी सीमा बदलापूरला. दर रविवारी तिचा फोन. "बाबा, गोळ्या घेतल्यात?" "घेतल्या." "बरं, ठेवते." संपलं. तिला तरी काय दोष द्यायचा, तिला तिचा संसार आहे, नोकरी आहे, आणि बाप तरी कुठे मोठा बोलका लागून गेला होता!

सुभद्रा होती तेव्हा दिवसातून चार वेळा विचारायची, "जेवलात काय हो?" लवू वैतागायचा. "गो बाये, समोर ताट ठेवलंस ना तूच, मग विचारतेस काय?" म्हणून खेकसायचा. आता विचारणारंच कोणी नाही म्हटल्यावर जेवणाची वेळही राहिली नाही. सकाळी चहा-पाव, दुपारी वाटलं तर पुन्हा चहा-पाव. चाळही पहिल्यासारखी नव्हती. अर्ध्या खोल्यांत भाडोत्री, त्यांची दारं दिवसभर बंद. एका बुधवारी दूधवाल्याने "एक पिशवी का दोन?" विचारलं आणि लवूने उत्तर द्यायला तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. पाणी यायच्या आधी नळ नुसता गुरगुरतो ना, तसं काहीतरी गळ्यातून निघालं. मग त्याच्या ध्यानात आलं की रविवारच्या फोननंतर आपण एक शब्द बोललेलो नाही. त्याला भीती वाटली. खरीखुरी भीती.

तर अशात होळी झाली आणि गल्ली खणायला घेतली.

पावसात तुंबलेलं हिंदमाताचं पाणी उतरलं तरी आमच्या गल्लीतलं उतरत नाही, ही तिथल्या लोकांची जुनी रड. खालची गटाराची लाईन इंग्रजाच्या वेळची, विटांची, जागोजागी ढासळलेली. ती काढून नवीन मोठे पाईप घालायचे होते, आणि तेही पावसाच्या आधी. दोन पुरुष खोल चर, दोन्ही बाजूंना पत्रे ठोकलेले, आणि पत्रा नि दुकानाची पायरी यांच्यामध्ये जेमतेम वीतभर जागा. गाड्या पलीकडच्या रस्त्याने वळवल्या. माणसं कुठून वळवणार? माणसं आपली त्या वीतभर जागेतून एकमेकांना खेटत, नाहीतर मेन रोडवर टेम्पोच्या तोंडासमोरून. तिसऱ्याच दिवशी एका म्हाताऱ्याला स्कूटर घासून गेली.

गाड्या कुठून न्यायच्या, माणसं कुठून चालवायची हे बघायला कंत्राटदाराने एक मुलगी ठेवली होती, प्रिती नावाची. पंचवीस-सव्वीसची, बुटकी, डोक्यावर पिवळं हेल्मेट, अंगात चमकणारं जॅकेट, आणि दिवसभर पायाला भिंगरी. तिने आजूबाजूला हिंडून पाहिलं तर तुळसकर चाळीचा बोळ सापडला. एक तोंड मेन रोडला, दुसरं थेट हॉस्पिटलच्या बाजूला. तिने चाळ कमिटीकडे हात जोडले.

"आमचा बोळ म्हणजे काय धर्मशाळा?" राधाबाई म्हणाल्या. राधाबाई दुसऱ्या खोलीतल्या, कमिटीच्या जुन्या मेंबर. त्यांनी नाही म्हटल्याशिवाय चाळीत कुठली गोष्ट सुरूच होत नसे. "परक्या माणसांची वर्दळ! चपला जातील दारातल्या!"

"दोन महिने फक्त, काकू. तिकडे माणूस गाडीखाली आला तर?"

शेवटी हो-ना करता करता बोळ उघडला. प्रितीने दोन्ही तोंडांना बाण लावलेले बोर्ड ठेवले, मधे दोन ट्यूबा लावल्या, फुटक्या लाद्यांवर प्लायवूड टाकलं. गर्डर तिला दिसलाच नाही. चार फूट अकराची पोर ती, टोपीसकट खालून सरळ निघून गेली. आणि चाळवाल्यांनी सांगितलं नाही, कारण गर्डर आहे हे त्यांच्या डोक्यात कुठे होतं? ते फक्त मानेला ठाऊक होतं.

पहिल्या सकाळी सात वाजता लवू चहा गाळत होता. बाहेर "टाण्ण" आवाज झाला आणि पाठोपाठ एक इरसाल शिवी. तो दारात येतो तोवर दुसरा "टाण्ण". डबा घेऊन बँकेत चाललेला एक उंच माणूस कपाळ धरून खाली बसला होता. लवूने त्याला पाणी दिलं, खुर्ची दाराबाहेर ओढली, आणि मागून येणाऱ्या लोंढ्याकडे बघून वखारीतल्या दिवसांत कमावलेल्या खणखणीत आवाजात ओरडला, "वाकून! जरा वाकून!"

आणि माणसं वाकली. अख्खी रांगच्या रांग वाकली.

त्या दिवशी दुपारपर्यंत लवू खुर्चीवरून उठला नाही. दुसऱ्या दिवशी सहालाच बसला. "वाकून हां. ए उंच, वाकून! बाय, डोक्यावरची टोपली उतरव, वाकून." माणसं म्हणायची, "थँक यू काका." कोळणी म्हणायच्या, "देव बरं करो बाबा." शाळेची पोरं तर गर्डरच्या हातभर खाली असूनही मुद्दाम लोटांगण घातल्यासारखी वाकायची आणि खिदळायची, त्यांनी त्याचं नावच ठेवलं, वाकून आजोबा. बँकेचा उंच माणूस रोज सलाम ठोकायचा. आठ दिवसांत लवूला शंभर तोंडं ओळखू यायला लागली. कोणाचा गुडघा दुखतो, कोणाची बारावी आहे, कोणाचं सासूशी पटत नाही, सगळं. बोलून बोलून संध्याकाळी घसा बसायचा आणि ते बसणंही त्याला गोड वाटायचं.

आणि सुचित्रा.

सुचित्रा हॉस्पिटलात नर्स होती. पस्तिशीची, चांगली उंच, पाठीला सॅक, कानाला फोन. "हां आई, जयभीम, निघाले," म्हणत सकाळी साडेसहाला जायची आणि दुपारी साडेतीनच्या सुमाराला परतायची. पहिल्या आठवड्यात नुसती वाकून हसायची. मग एके दुपारी तिने फोन खाली घेतला, लवूकडे नीट बघितलं आणि विचारलं, "जेवलात का, काका?"

 लवूच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, ते त्याने खाकरून लपवलं. "जेवलो की," तो म्हणाला. जेवला कुठला, सकाळचा पाव तेवढा पोटात होता.

"काय जेवलात?"

"आपलं... डाळभात."

"तोंड तर सुकलंय," ती म्हणाली आणि गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी लवूने खरंच डाळभात केला, तिला खोटं सांगायचं जिवावर आलं म्हणून. पुढे बोलता बोलता कळलं की तिचं गाव राजापूरकडे, आणि तिची आई ओल्या काजूची उसळ अशी करते की बोटं चाटावीत. "पण आईला आता बसून काजू सोलणं होत नाही, आणि मला वेळ नाही. तीन वर्षं झाली खाऊन," ती म्हणाली. लवूने ते मनात गाठ मारून ठेवलं.

असे तीन आठवडे गेले. आणि मग प्रितीने गर्डरला पट्टी लावली.

तिचं काय चुकलं? काही नाही. तिच्या कामाचंच होतं ते. जाड मऊ रबराची, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची, गर्डरभर लांब, आणि खाली लटकणारा बोर्ड: "डोके सांभाळा". "आता तुम्हाला आराम, आजोबा," ती हसून म्हणाली. "किती ओरडायचं ते!"

खरंच आराम झाला. माणसांना लांबूनच पिवळं दिसायचं, ती आपली आपण वाकायची आणि पुढे व्हायची. लवू "वाकून" म्हणायचा तोवर माणूस पार. कोणाचं चुकून डोकं लागलंच तर रबराला, म्हणजे कळ नाही, शिवी नाही, पाणी नको, काका नकोत. दोन दिवस तो खुर्चीवर बसून होता आणि दोन दिवसांत त्याच्याकडे बघून हसली असतील ती चार-दोन माणसं. बँकवाला फोनवर बोलत गेला. पोरांना बोर्डला उडी मारून हात लावायचा नवा खेळ सापडला. गरज सरो, वैद्य मरो! सुचित्राही दुसऱ्या दिवशी आईशी फोनवर भांडत होती, तशीच वाकली आणि तशीच गेली. तिने विचारलं नाही. त्या रात्री लवूने भात लावला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या सुमाराला, बोळात चिटपाखरू नसताना, लवू स्टुलावर चढला.  सुभद्रेच्या सुरीने त्याने पट्टीचे प्लास्टिकचे बंद कापले, बोर्ड काढला, सगळं गुंडाळून खाटेखाली सारलं आणि वर जुनी चादर टाकली. मग खुर्चीवर येऊन बसला. आपण चोरी केली आहे हे त्याला समजत होतं. समजत नव्हतं असं कोणी म्हणू नये. पण साडेतीनला सुचित्रा आली, तो ओरडला, "वाकून गो बाय!" आणि ती वाकली, थांबली आणि म्हणाली, "जेवलात का? दोन दिवस बोलायलाच झालं नाही." झालं! त्याच्या पापाला त्या क्षणी कोणी माफी दिली असती तरी त्याने ती पट्टी परत लावली नसती.

संध्याकाळी प्रिती आली. "आजोबा, पट्टी कुठे गेली?"

"पोरांनी काढली असेल. उड्या मारत होती." किती सहज बोलला!

तिने कपाळाला हात लावला. "नवीन शनिवारपर्यंत येईल. आज मंगळवार. तोपर्यंत एक माणूस इथे उभा करते."

"माणूस कशाला? मी आहे ना. सहापासून बसतो."

प्रितीने मागे वळून पाहिलं. तिकडे चराच्या तोंडाशी पंपाचा माणूस तिला हाका मारत होता, पलीकडे एक टेम्पो बंद रस्त्यात घुसून अडकला होता. "जागचे हलू नका हं मग," ती म्हणाली. "तुमच्या भरवशावर सोडतेय."

"निर्धास्त जा," लवू म्हणाला.

बुधवार गेला, गुरुवार गेला. शुक्रवारी सकाळी दूधवाला बोलता बोलता म्हणाला की लालबागच्या बाजारात गावाकडचे ओले काजू आलेत. लवूच्या डोक्यात दुसरं काही शिरेनाच. शनिवारी नवी पट्टी येणार. त्याच्या आत, आज रात्री करून उद्या सकाळीच, सुचित्राच्या हातात काजूच्या उसळीचा डबा ठेवायचा, म्हणजे पट्टी लागली तरी ती थांबेल. थांबावंच लागेल, डबा परत द्यायला तरी. पावणेतीनला त्याने हिशेब केला: जायला दहा मिनिटं, यायला दहा. साडेतीनच्या आत आपण खुर्चीवर. बोळ रिकामा होता. राधाबाईंना सांगून जावं असं मनात आलं, पण त्या दहा प्रश्न विचारतील, म्हणून तसाच गेला.

बाजारात काजू घेऊन बसली होती कमळाबाई नावाची एक बाई. "कुठले तुम्ही?" तिने विचारलं. लवूने गाव सांगितलं. "अगो आये, म्हणजे आमच्या शेजारच्या वाडीचे!" झालं. तिची मावशी लवूच्या गावात दिलेली, देवळाशेजारचं घर, तिथली विहीर, ती गेल्या वर्षी बुजली, आणि धुऱ्यांचा तो फणस अजून धरतो का? चार वर्षांत लवूला त्या फणसाबद्दल कोणी विचारलं नव्हतं. तो बोलत सुटला. कमळाबाई काजू निवडत होती, तो बोलत होता, ती पुडी बांधून हातात ठेवून मोकळी झाली तरी तो बोलत होता. मग मागच्या दुकानातल्या घड्याळाकडे नजर गेली. पावणेचार.

सत्तरीचा माणूस जेवढा धावू शकतो तेवढा तो धावला.

बोळाच्या तोंडाशी गर्दी होती. लवू माणसांना ढकलत आत घुसला. त्याच्याच खुर्चीवर सुचित्रा बसली होती, राधाबाईंनी तिच्या कपाळाला टॉवेल दाबून धरला होता आणि टॉवेल लाल झाला होता. सॅक खाली पडलेली, डबा उघडून पोळीचा तुकडा लादीवर आलेला. तिला कोणीतरी धरून उठवलं. हॉस्पिटल समोरच होतं, जिथून ती ड्यूटी संपवून निघाली होती तिथेच तिला परत नेलं. जाताना तिने लवूकडे बघितलं की नाही हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

अर्ध्या तासात प्रिती आली आणि तिच्यामागून तिचे साहेब. साहेबांचा आवाज चढलेला. "पट्टी मंगळवारपासून नाही, आणि तू माणूस ठेवला नाहीस? एका म्हाताऱ्याच्या भरवशावर तू पब्लिक सोडलंस? उद्यापासून येऊ नकोस!"

"सर, पट्टी लावली होती. फोटो आहे माझ्याकडे. पोरांनी काढली..."

"फोटोने जखम भरते का?"

प्रितीची मान खाली गेली. हेल्मेट काढून तिने हातात धरलं होतं, आणि त्या हेल्मेटशिवाय ती इतकी लहान दिसत होती की लवूला सीमा दहावीत नापास झाली होती तो दिवस आठवला. भोवती माणसं होती. बँकवाला होता, कोळणी होत्या, शाळेची पोरं होती. वाकून आजोबाची सगळी माणसं. गप्प राहिलं तर ही आपलीच राहणार होती. उद्या पट्टी येईल, पण निदान हसतील तरी, नाव घेतील. तोंड उघडलं तर एकही उरणार नाही. आणि गप्प राहिलं तर ही पोर घरी जाणार होती. काजूची पुडी त्याच्या मुठीत घामाने भिजून गेली होती.

लवू खोलीत गेला. गुडघ्यांवर बसला, खाटेखालची चादर ओढली, आणि ती पिवळी-काळी पट्टी बाहेर आणून सगळ्यांच्या मध्ये टाकली.

"पोरांनी नाही काढली," तो म्हणाला. "मी काढली. हिला मी खोटं सांगितलं. हिचा काही दोष नाही, साहेब."

 मग बँकवाल्याने विचारलं, "पण का, काका?"

काय सांगणार? पट्टी लागल्यापासून कोणी बोलत नव्हतं म्हणून, असं सांगणार? एवढ्या माणसांत? 

"अरे मेल्या लवू," राधाबाई म्हणाल्या, "ह्या काय केलंस रे तू!" आणि पुढे काही न बोलता आत निघून गेल्या. राधाबाई काही न बोलता गेल्या, हे चाळीत पहिल्यांदाच घडत होतं.

पट्टी तिथल्या तिथे परत बांधली गेली. बंद नवीन आणले, स्टूल लवूने धरलं, बांधली प्रितीने. तिची नोकरी राहिली, लेखी समज घेऊन. स्टुलावरून उतरल्यावर तिने त्याच्याकडे बघितलं नाही, आणि का बघावं? तिने त्याच्यावर भरवसा टाकला होता. खुर्ची लवूने स्वतःच आत नेली.

त्यानंतर बोळातून माणसं जायची ती पट्टी बघून वाकायची आणि निमूट निघून जायची. दाराशी आली की बोलणंसुद्धा आपोआप हळू व्हायचं. पोरांना घरून ताकीद मिळाली असावी. ती आता उड्या मारत नसत, पळत जात. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं लवूला वाटायचं. शिवी म्हणजे निदान बोलणं तरी. काजू कपाटावर पडून राहिले, काळे पडले, आणि एक दिवस त्याने ते पुडीसकट टाकून दिले.

दहा दिवसांनी सुचित्रा आली. कपाळावर पांढरी पट्टी, डाव्या भुवईच्या वर. लवू दारात उभा होता. तिला बघून आत जायला वळला.

"थांबा," ती म्हणाली. "सहा टाके पडलेत. आठ दिवस डोकं उचलता येत नव्हतं. आईने रडून घर डोक्यावर घेतलं. हे ऐकून घ्या आधी."

"ऐकतो," लवू म्हणाला.

"तुम्हाला वाटतं मला गर्डर कुठाय ते माहीत नव्हतं? महिनाभर रोज दोनदा जात होते. पण मी गर्डर बघतच नव्हते, काका. तुमचा आवाज आला की वाकायचं, एवढंच शिकले होते. त्या दिवशी आवाज आला नाही, म्हणून मला वाटलं, अजून गर्डर यायचाय."

लवूने दाराची चौकट धरली.

"पट्टी असती तर पट्टी बघून वाकले असते. तुम्ही ती काढलीत आणि वर स्वतःही नव्हतात. कुठे गेला होतात?"

काजू आणायला, हे तोंडापर्यंत आलं होतं. सांगितलं असतं तर कदाचित ती विरघळली असती. पण तिच्या सहा टाक्यांवर आपल्या काजूचं झाकण ठेवायचं? लवूला ते जमलं नाही. "गेलो होतो बाजारात," तो म्हणाला. "माझं चुकलं, बाय. माणसं बोलत नव्हती म्हणून काढली होती. खूप चुकलं."

सुचित्राने सॅक खांद्यावर सारखी केली. मग पट्टीखालून वाकली आणि गेली. तिने विचारलं नाही. लवूने कान देऊन वाट बघितली, तिची पावलं बोळाच्या पार टोकाला पोचेपर्यंत.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात काम संपलं. पाईप बसले, चर बुजला, वर डांबर पडलं. एका सकाळी ठोकलेले पत्रे निघाले आणि गल्ली एकदम इतकी रुंद दिसायला लागली की लोक मधोमध उभे राहून बघत होते. प्रितीची माणसं बोर्ड, ट्यूबा, प्लायवूड घेऊन गेली. पट्टी मात्र राहिली. "राहू दे," प्रिती माणसांना म्हणाली, "चाळीला उपयोगी पडेल." लवू दारातच होता. "येते," एवढं ती त्याला म्हणाली, आणि त्याने तिला मनापासून हात जोडले.

त्या दिवशी बोळातून कोणी गेलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चाळीतली माणसं जायची-यायची, पण त्यांच्या माना त्यांना सांभाळत होत्या. लवूने खुर्ची पुन्हा बाहेर ठेवली होती. आता ती बाहेर असली काय नि आत असली काय, कोणाला फरक पडत नव्हता. बोळाच्या त्या टोकाला रस्त्याचा एक उभा तुकडा दिसायचा, दारभर रुंदीचा. त्यातून माणसं आडवी जायची. बँकवाला गेला. कोळणी टोपल्या डोक्यावर ठेवून, ताठ मानेने गेल्या. लवू बसून त्यांना मोजल्यासारखा बघायचा, आणि ती क्षणात त्या तुकड्यातून नाहीशी व्हायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनला सुचित्रा त्या तुकड्यात आली. पाठीला सॅक, कानाला फोन. पुढे निघून गेली. लवूने मान खाली घातली.

मग ती दोन पावलं मागे आली. बोळाच्या तोंडाशी थांबली, आत मात्र आली नाही. फोन छातीशी धरला आणि तिथूनच जरा मोठ्याने विचारलं, "जेवलात का, काका?"

लवू खुर्चीतून उठायला गेला, पण ती थांबणार नव्हती हे त्याला दिसत होतं. एक पाय तिचा रस्त्यावरच होता.

"जेवलो!" तो ओरडला. सगळा जोर लावून, ओरडायचा तसा.

ती हलकेच मान हलवून गेली. रस्त्याचा तुकडा पुन्हा रिकामा झाला.

लवूने खुर्ची भिंतीला सरकवली. मग आत गेला, गॅस पेटवला, पातेल्यात पाणी घातलं आणि मूठभर तांदूळ धुवायला घेतले.